वारशाने मिळालेला धम्म आणि पटलेला धम्म

स्मरणिकेत बहुधा आठवणी आणि शुभेच्छा यांनाच जागा असते, आणि ते योग्यही आहे. परंतु जी संस्था तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या विचाराने उभी राहिली, तिच्या स्मरणिकेत चार पाने एखाद्या अवघड प्रश्नासाठी राखून ठेवली, तर ते संस्थेच्या स्वभावाला धरूनच होईल, असे आम्हांस वाटते. हा प्रश्न विद्यार्थ्यांचा आहे. इतिहासाच्या तासाला वेरूळची लेणी शिकवताना जवळजवळ दरवर्षी कोणी ना कोणी तो विचारतेच. जगात इतके धर्म आहेत, प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो. मग आपला खरा कशावरून? त्याच्या पाठोपाठ, थोड्या दबक्या आवाजात, दुसरा प्रश्न येतो. सर, आपण दुसऱ्या घरी जन्मलो असतो, तर आपल्याला तिथलाच धर्म खरा वाटला असता ना?

दुसरा प्रश्न अधिक बोचरा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्या लाखोंनी बाबासाहेबांसमवेत धम्मदीक्षा घेतली, त्यांना तो लागू नव्हता. ते एका धर्मात जन्मले होते आणि जाणीवपूर्वक दुसरीकडे गेले होते. परंतु त्यांची मुले, नातवंडे आणि आता पणतवंडे यांचे काय? २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत आणि त्यांतील सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. यांतील बहुसंख्य आज जन्माने बौद्ध आहेत. शाळेच्या प्रवेश-अर्जात 'धर्म' या रकान्यापुढे वडिलांनी जे लिहिले, तेच त्यांचे झाले. जन्माने चिकटलेल्या धर्माविरुद्ध बाबासाहेबांनी बंड केले. उद्या आपलाच धम्म केवळ जन्माने चिकटलेला होऊन बसला, तर त्या बंडाचे आपण वारसदार कसे? आमच्या मते धम्मचळवळीपुढचा आजचा सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे.

या प्रश्नाचा विचार करायला आपल्या जिल्ह्याइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल. वेरूळला एकाच डोंगराच्या कुशीत ३४ लेणी आहेत. क्रमांक १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. दहाव्या लेण्यातील चैत्यगृहातून निघालेला मनुष्य सोळाव्या क्रमांकाच्या कैलासापाशी थांबून बत्तिसाव्या इंद्रसभेपर्यंत एका सकाळीत पोहोचतो. तिथून जवळच खुलताबाद. बुऱ्हानुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी या सूफींचे दर्गे तिथे आहेत, आणि त्यांच्याच सावलीत औरंगजेबाची साधी, उघडी कबर. दक्षिणेला गोदाकाठी नाथांचे पैठण. खुद्द शहरात, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, विद्यापीठामागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत आणि त्याच परिसरात बाबासाहेबांनी उभारलेले नागसेनवन आहे. धर्मांची विविधता आपण पुस्तकात वाचत नाही, एस.टी.च्या खिडकीतून पाहतो.

वेरूळ दाखवणारे मार्गदर्शक पर्यटकांना सांगतात की, ही लेणी म्हणजे सर्व धर्म एकच असल्याचा पुरावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. दगड एक आहे, छिन्नी एक आहे, पुष्कळदा कारागिरांची परंपराही एकच असावी; परंतु त्या दगडात सांगितलेली उत्तरे एक नाहीत. जैन परंपरा जीव नित्य मानते. वैदिक-पौराणिक परंपरेत आत्मा आहे आणि बहुतेक ठिकाणी ईश्वरही आहे. बुद्धांनी नित्य आत्मा नाकारला आणि सृष्टिकर्त्या ईश्वराला आपल्या धम्मात स्थान दिले नाही. 'नित्य आत्मा आहे' आणि 'नित्य आत्मा नाही' ही दोन विधाने एकाच अर्थाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. वेरूळ एवढेच सिद्ध करते की, परस्परविरोधी मते बाळगणारी माणसे शेजारी राहू शकतात. ही गोष्ट लहान नाही. किंबहुना आजच्या काळात ती फार मोठी आहे. परंतु शेजारी राहणे आणि एकसारखे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत केली की पुढचा सगळा विचार गढूळ होतो.

धर्म अनेक आहेत या वस्तुस्थितीला माणसांनी आजवर दिलेली उत्तरे ढोबळमानाने तीन आहेत. पहिले उत्तर असे की, आमचाच धर्म खरा, बाकीचे सर्व भ्रमात. या उत्तरातली अडचण विद्यार्थ्याच्या दबक्या प्रश्नाने आधीच उघड केली आहे. हेच वाक्य पलीकडच्या गल्लीतला मनुष्यही तितक्याच खात्रीने उच्चारतो. दोघांजवळ आपापला ग्रंथ आहे, आपापली परंपरा आहे, आपापला अनुभव आहे. केवळ ग्रंथ आणि परंपरा यांच्या आधारावर एकाचे म्हणणे मान्य करावे, तर दुसऱ्याचे नाकारायला कारण उरत नाही.

दुसरे उत्तर पहिल्याच्या अगदी उलट टोकाचे आहे. धर्म इतके, मते इतकी, म्हणून सर्वच खोटे. कशाच्याही वाटेला जाऊ नये. हे उत्तर तरुणांना आवडते, कारण त्यात धाडस वाटते. परंतु वैद्यांचे एकमत होत नाही म्हणून आजार नाहीच, असे कोणी म्हणत नाही. मतभेद असणे हे सत्य नसण्याचे प्रमाण होऊ शकत नाही. शिवाय, धर्म टाकून दिल्याने माणूस विवेकी होतोच असेही नाही. देव न मानणारा मनुष्य जात मात्र काटेकोरपणे पाळतो, ही उदाहरणे मराठवाड्यात शोधावी लागत नाहीत.

तिसरे उत्तर सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत गोड आहे. सर्व धर्म सारखेच, वाटा निरनिराळ्या, मुक्काम एक. त्याच्या समर्थनार्थ हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगतात. ही गोष्ट बौद्ध साहित्यात, 'उदान' या ग्रंथात, येते. जैन परंपरेतही ती अनेकान्तवादाच्या संदर्भात सांगितली जाते. श्रावस्तीच्या राजाने जन्मांधांना जमवून हत्ती चाचपायला लावला. डोके चाचपणाऱ्याला तो घड्यासारखा वाटला, कान चाचपणाऱ्याला सुपासारखा, सुळा चाचपणाऱ्याला नांगराच्या फाळासारखा. मग त्यांची हातघाई झाली. लोक ही गोष्ट इथेच थांबवतात आणि म्हणतात, बघा, सर्वांचेच थोडे थोडे खरे. परंतु गोष्टीत एक डोळस माणूसही आहे. हत्ती खरोखर कसा आहे हे राजाला दिसते, म्हणूनच आंधळ्यांचे ज्ञान अपुरे आहे हे त्याला समजते. 'सर्व धर्म एकाच सत्याचे अंश आहेत' असे म्हणणारा स्वतःला त्या राजाच्या जागी बसवतो. तो विनम्र दिसतो. परंतु सर्व धर्मांहून अधिक आपल्याला दिसते, असा त्याचा दावा असतो. बुद्धांनी ही गोष्ट सांगितली ती अर्धवट ज्ञानावर मारामारी करणाऱ्या पंथीयांना शहाणे करण्यासाठी. सर्व मतांना सारखेच गुण देण्याचा हेतू त्यात नव्हता.

विसाव्या शतकात जॉन हिक या इंग्रज तत्त्वज्ञाने हे तिसरे उत्तर अधिक काटेकोरपणे मांडले. सर्व महान धर्म म्हणजे एकाच अंतिम वास्तवाला मानवाने दिलेले निरनिराळे प्रतिसाद होत, असे त्याचे मत. पण त्यालाही पुढे विचारावे लागले की, एखादा प्रतिसाद चांगला की विपरीत हे ठरवायचे कसे? तेव्हा त्याने माणूस स्वार्थातून बाहेर पडतो की नाही, करुणा वाढते की नाही, ही कसोटी पुढे केली. म्हणजे 'सर्व सारखेच' म्हणणाऱ्यालाही अखेरीस नीतीचा तराजू हाती घ्यावाच लागला.

हा तराजू बाबासाहेबांनी फार आधी हाती घेतला होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. धर्म म्हणजे काही घर किंवा अंगरखा नव्हे की वाटेल तेव्हा बदलावा, अशा आशयाची प्रतिक्रिया गांधीजींनी दिली. बाबासाहेबांनी धर्माची आवश्यकता मान्य केली. परंतु वडिलोपार्जित आहे एवढ्याच कारणाने न पटणारा धर्म माणसाने वाहत राहावे, हे त्यांना मान्य नव्हते. तौलनिक धर्मशास्त्राबद्दलही त्यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवून ठेवले आहे. आपलाच धर्म तेवढा खरा, ही घमेंड त्या शास्त्राने मोडली हे चांगले झाले. पण सर्वच धर्म चांगले आणि त्यांत डावे-उजवे करण्याचे कारण नाही, असा समज त्याने पसरवला, ही त्याची उणी बाजू. ज्याला धर्माने माणूस म्हणून वागवले, त्याला 'सर्व धर्म सारखेच' म्हणणे परवडते. ज्याला धर्माच्या नावाने पाणवठ्यावरून हाकलले, त्याला ते परवडत नाही.

पाणवठ्याचा उल्लेख आला आहे, तर श्रद्धा आणि विवेक यांच्या संबंधाचा एक धडा महाडच्या चवदार तळ्यावरून घेऊ. इंग्लंडमध्ये क्लिफर्ड नावाच्या गणितज्ञाने १८७७ साली एक निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाचे उदाहरण आहे. जहाज जुने आहे, दुरुस्तीची गरज आहे, हे त्याला जाणवते. तरी 'आजवर बुडाले नाही, आताही बुडणार नाही' अशी स्वतःची समजूत घालून तो ते उतारूंसह समुद्रात सोडतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याची श्रद्धा कितीही प्रामाणिक असो, ती बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता, आणि जहाज सुखरूप पोहोचले असते तरी तो दोषीच ठरला असता. श्रद्धा ही ज्याची त्याची खासगी बाब, असे आपण सहज म्हणतो. मार्च १९२७ मध्ये अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर 'तळे बाटले' ही सनातन्यांची श्रद्धा प्रामाणिकच होती. पंचगव्याचे १०८ घडे ओतून त्यांनी ते 'शुद्ध' केले. पुरावा काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण किंमत मोजणारे दुसरेच होते. पुढे खटला चालला. सवर्णांनी जी रूढी अनादिकालापासूनची म्हणून सांगितली होती, ती तशी असल्याचे सिद्ध झालेले नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली दिला. पिढ्यान् पिढ्या ज्या श्रद्धेने माणसांना तहानलेले ठेवले, ती पुराव्याच्या पहिल्याच कसोटीला उतरली नाही. ज्या श्रद्धेची झळ दुसऱ्याला लागते, तिला परीक्षेतून सूट मिळू शकत नाही, हा त्यातला धडा.

म्हणून आम्हांस चौथे उत्तर योग्य वाटते. सर्व धर्मांच्या माणसांचा आदर आणि सर्व धर्मांच्या मतांची परीक्षा. आपल्या मताची परीक्षा सर्वांत आधी. हे उत्तर बुद्धांचेच आहे. केसपुत्त नगरातील कालामांची अडचण नेमकी आजच्या विद्यार्थ्याची होती. अनेक आचार्य गावात येतात, प्रत्येक जण आपले मत थोर सांगतो आणि दुसऱ्याचे धुडकावतो; खरे कोणाचे मानावे? बुद्धांनी 'माझे माना' असे सांगितले नाही. ऐकीव म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, बोलणारा श्रमण आपला गुरू आहे म्हणून स्वीकारू नका, असे त्यांनी सांगितले. आपल्याकडे या सुत्ताचा दाखला वारंवार दिला जातो, पण त्यातील दोन गोष्टी बहुधा सुटतात. पहिली अशी की, केवळ तर्काला जुळते म्हणूनही स्वीकारू नका, असे त्याच यादीत आहे. नुसते शब्दांचे डावपेच पुरेसे नाहीत. त्या मताने लोभ, द्वेष आणि मोह वाढतात की घटतात, ते आचरणात हितकारक ठरते की अहितकारक, आणि सुज्ञ जन त्याची निंदा करतात की प्रशंसा, हे स्वतः पाहायचे आहे. दुसरी गोष्ट सुत्ताच्या शेवटी येते. परलोक असेल तर सदाचारी मनुष्याचे तिथे भलेच होईल. नसेल तर इथे, याच आयुष्यात, तो वैररहित आणि सुखी राहील. म्हणजे जे निश्चित कळलेले नाही, त्याचे ओझे सदाचारावर टाकण्याची गरज नाही. अनिश्चिततेतही विवेकाने कसे जगावे, याचे याहून सोपे उत्तर आम्हांला दुसरीकडे आढळले नाही.

बाबासाहेबांनी १९३५ ते १९५६ ही एकवीस वर्षे हीच परीक्षा केली. १९३६ साली ते अमृतसरला शीख परिषदेला उपस्थित राहिले. मे १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत 'मुक्ती कोन पथे?' हे दीर्घ भाषण करून त्यांनी धर्मांतराचा प्रश्न भावनेच्या नव्हे, कारणांच्या पायावर समाजापुढे ठेवला. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी कसोट्या स्पष्ट सांगितल्या. धर्म नीतीवर उभा असावा, विज्ञानाशी सुसंगत असावा, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे त्याने मानावीत आणि दारिद्र्याला त्याने पवित्र ठरवू नये. विशेष म्हणजे धम्म स्वीकारतानाही त्यांनी कसोटी खाली ठेवली नाही. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी परंपरेलाच प्रश्न विचारले आहेत. एकोणतीस वर्षांच्या राजपुत्राने त्याआधी कधी म्हातारा, आजारी किंवा मृत मनुष्य पाहिलाच नव्हता, हे कसे मानावे? आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म यांचा अर्थ कसा लावावा? इतर देशांतील अनेक बौद्धांना हे प्रश्न रुचले नाहीत. ते स्वाभाविक होते. विविधता केवळ धर्माधर्मांत नसते, ती धम्माच्या आतही असते, आणि तिथेही आदर व परीक्षा हाच मार्ग आहे.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो, कारण आमचे मित्र तो घेतातच. तुम्ही विवेकाच्या गोष्टी सांगता, मग बावीस प्रतिज्ञांचे काय? त्यांत तर देवदेवतांना नाकारले आहे आणि धम्मालाच सद्धम्म म्हटले आहे. हे 'आमचाच खरा' याहून वेगळे कसे? आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देणे योग्य नाही. प्रतिज्ञांचा कर्ता 'मी' आहे. मी हे मानणार नाही, मी हे करणार नाही, असे त्या म्हणतात. शेजाऱ्याने काय मानावे याबद्दल त्या हुकूम काढत नाहीत. शिवाय विसाव्या प्रतिज्ञेची भाषा खात्री पटल्याची आहे. खात्री पटण्यासाठी विचार करावा लागतो, आणि विचार केलेल्या माणसाने आपले मत ठामपणे सांगणे हा उद्धटपणा होत नाही. मत ठाम असावे आणि कारणे ऐकायला कान उघडे असावेत. दोन्ही एकत्र नांदू शकतात. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की, ज्याला पटलेले नाही त्याने केवळ तोंडपाठ म्हटलेली प्रतिज्ञा ही प्रतिज्ञा नव्हे. दहा वर्षांच्या मुलाकडून बावीस प्रतिज्ञा घडाघड म्हणवून घेऊन आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा त्यातली 'खात्री' कोणाची असते, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

आपल्या घरांकडेही एकदा पाहू. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी आहेत; त्याच घरात लग्नाला मुहूर्त पाहिला जातो, नव्या घराला वास्तू पाहिली जाते, मूल आजारी पडले की नवस बोलला जातो. कधी कधी नवस बुद्धमूर्तीलाच बोलला जातो, हे तर फारच झाले. आम्ही हे थट्टेने लिहीत नाही. भीती माणसाला जुन्या वाटेने नेते, आणि गरिबाच्या घरात भीतीची कारणे पुष्कळ असतात. परंतु ज्याला कारण माहीत नाही, त्याच्या हातून आचार सुटायला वेळ लागत नाही. पहिल्या पिढीने देव्हारे रिकामे केले, कारण तिला कारण माहीत होते. तिसऱ्या पिढीला केवळ रिकामी जागा वारशाने मिळाली, कारण मिळाले नाही. मग त्या जागेत काहीही येऊन बसते. श्रद्धेचा वारसा देता येतो, खात्रीचा देता येत नाही. ती प्रत्येकाला नव्याने कमवावी लागते.

या संदर्भात महात्मा फुले यांची एक कल्पना आम्हांस फार मोलाची वाटते. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एक कुटुंब आहे. त्यातली स्त्री बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून बौद्ध होऊ शकते, पती बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सत्यधर्माचा अनुयायी. आणि तरीही सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने राहावे. या कल्पनेतील सहिष्णुतेची वाखाणणी सर्व जण करतात. आम्ही एका क्रियापदाकडे लक्ष वेधतो, ते म्हणजे 'वाचून'. त्या घरात कोणीही जन्माने काही झालेले नाही. प्रत्येकाने वाचले आणि निवडले. स्त्रीने नवऱ्याचा धर्म घेतला नाही, मुलीने बापाचा घेतला नाही. विविधता आणि विवेक यांची इतकी सुंदर सांगड आपल्याच भाषेत सव्वाशे वर्षांपूर्वी घातली गेली, हे आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.

नाथांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'चाही उल्लेख करावासा वाटतो. त्यात दोघे एकमेकांच्या ग्रंथांतील विसंगती काढतात, कडाकडा भांडतात आणि शेवटी आलिंगन देतात. सोळाव्या शतकातील पैठणमध्ये हे लिहिले गेले, याचा अभिमान वाटावा. मात्र त्या संवादात दोनच खुर्च्या आहेत. नाथांनी महाराच्या मुखाने जोहारही रचले, हे खरे. तरीही त्यानंतर कित्येक शतके गावकुसाबाहेरचा माणूस गावकुसाबाहेरच राहिला. धर्माधर्मांत सलोखा झाला म्हणजे माणसामाणसांत न्याय झाला, असे होत नाही. १९७८ ते १९९४ हा नामांतराचा काळ आमच्या पिढीने शाळकरी वयापासून तारुण्यापर्यंत पाहिला. सलोख्याच्या भाषणांनी त्या काळात जळालेल्या वस्त्या वाचल्या नाहीत, हे आम्ही विसरू शकत नाही.

आता शाळेविषयी. आपल्या वसतिगृहात बौद्ध मुले आहेत, तशी भटक्या-विमुक्तांची, मुस्लिम, मराठा, आदिवासी मुलेही आहेत. एका पंगतीत जेवतात. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्या मुलासाठी पहाटे स्वयंपाकघरातली चूल पेटते, आणि कोणाला त्यात वेगळे काही वाटत नाही. माजी विद्यार्थ्यांना ही गोष्ट आठवत असेलच. पालकांकडून मात्र दोन परस्परविरोधी सूचना आमच्यापर्यंत येतात. काही म्हणतात, मुलांना इतर धर्मांची माहिती देऊ नका, ती बिथरतील. काही विचारतात, आमचे मूल बौद्ध नाही, तर त्याला रोजच्या वंदनेला का बसवता? दोन्ही सूचनांमागे काळजी आहे, म्हणून दोन्हींना उत्तर देणे आम्ही कर्तव्य समजतो.

पहिल्या पालकांना आमचे सांगणे असे की, दुसऱ्याचे ऐकल्याने जो धम्म डळमळतो, तो मुलाला पटलेलाच नव्हता. उपाली हा निगंठ नातपुत्तांचा श्रीमंत अनुयायी बुद्धांशी वाद घालायला आला आणि त्यांचाच उपासक होऊ लागला. बुद्धांनी त्याला आधी नीट विचार करायला सांगितले, आणि आजवर ज्या निगंठांना तो भिक्षा देत आला, त्यांना ती पुढेही देत राहा असे सुचवले. आपल्याकडे येणाऱ्याला जो थांबवून विचार करायला लावतो, त्याचे अनुयायी इतर धर्मांच्या माहितीला घाबरतात, हे शोभत नाही.

दुसऱ्या पालकांना आमचे सांगणे असे की, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर संविधानात आहे. अनुच्छेद २५ प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो. अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार राज्याची मान्यता किंवा साहाय्य असलेल्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मसुदा समितीचे अध्यक्षपद ज्यांनी भूषविले, त्यांच्या विचारावर चालणाऱ्या संस्थेने हे कलम अडचण म्हणून पाहू नये. आपला आचार म्हणून पाहावे.

म्हणून संस्थेच्या विश्वस्तांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली: वंदना नित्याप्रमाणे व्हावी, परंतु प्रवेशाच्या वेळी पालकांची लेखी संमती घ्यावी. ज्यांची संमती नाही त्या मुलांना त्या वेळात वाचनालय उघडे असावे, आणि त्यांच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू नये. दुसरी: आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातून एक तास धर्मपरिचयाचा असावा. प्रत्येक धर्माची बाजू त्या धर्मातील जाणकाराने मांडावी, जेणेकरून आपण दुसऱ्याच्या मताचे बाहुले करून ते पाडण्यात धन्यता मानणार नाही. त्या तासाला धम्मालाही हेच प्रश्न विचारले जावेत. तिसरी: बावीस प्रतिज्ञा मुलांकडून पाठ करून घेण्याऐवजी प्रत्येक प्रतिज्ञेमागचे कारण शिकवावे, आणि ती घ्यायची की नाही हे प्रत्येकाने जाणत्या वयात स्वतः ठरवावे.

चर्चेचा नियम कोणता असावा, हे शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. बाबासाहेबांनी १९५० साली आपल्या शहरात महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. महाविद्यालयाला नाव मिळाले ते प्रश्न विचारणाऱ्याचे, उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नाव मिळाले परिसराला. 'मिलिंदपञ्ह' ग्रंथात वादाला बसण्यापूर्वी नागसेन राजाला विचारतात की, तू पंडितासारखा वाद करणार की राजासारखा? पंडितांच्या वादात एकमेकांच्या चुका दाखवल्या जातात, मान्य केल्या जातात आणि कोणी रागावत नाही. राजांच्या वादात मात्र जो असहमत होतो, त्याला दंड होतो. मिलिंदाने पंडितासारखा वाद करण्याचे कबूल केले, तेव्हाच संवाद सुरू झाला.

आज आपल्या भोवताली राजवाद वाढतो आहे. असहमत माणसाला उत्तर देण्याऐवजी गप्प केले जाते. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे काय झाले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. अशा काळात एका निवासी शाळेच्या हातात फार काही नसते. परंतु आपल्या चार भिंतींत कोणता वाद चालेल, हे ठरवणे तिच्या हातात असते. आपल्या शाळेतून बाहेर पडणारा मुलगा किंवा मुलगी बौद्ध असेल, नसेलही. पण आपण जे मानतो ते का मानतो, हे त्याला सांगता आले पाहिजे, आणि जो वेगळे मानतो त्याच्या पंक्तीला बसून त्याला जेवता आले पाहिजे. धम्म जन्माने मिळालेला असो वा स्वीकारलेला, तो पटलेला असेल तरच टिकेल. विश्वस्त मंडळाने येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी या सूचनांवर चर्चा घडवून आणावी, आणि ज्यांना त्या मान्य नसतील त्यांनी आपली कारणे घेऊन त्या चर्चेला अवश्य यावे, अशी आमची विनंती आहे.